दूधवाल्याची साक्ष

शिरूरच्या एका लहानशा वाचनालयात मी सात वर्षं ग्रंथपाल होते. ग्रंथपाल हा शब्द मोठा, काम एवढंसं. दार उघडायचं, झाडून घ्यायचं, नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची आणि संध्याकाळी पाच ते आठ टेबलामागे बसून कुणी कुठलं पुस्तक नेलं ते लिहून ठेवायचं. पण मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळी माणसं मेंढरांमागं हिंडली, वडलांनी शेती धरली, आणि खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली बाई. त्यामुळे माझं नाक तेव्हा जरा वरच असायचं. जरा कशाला, चांगलंच वर असायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या सभासदांना एका कादंबरीनं नुसतं झपाटलं होतं. कोर्टातल्या खटल्याची जाडजूड कादंबरी. एक खून, त्यात नाहक अडकवलेला एक गरीब माणूस, त्याला सोडवायला निघालेला एक तरुण वकील, आणि चारशे पानं पुढं काय होतंय म्हणून जीव टांगणीला. तिचं नाव मी इथं सांगत नाही. त्या बिचारीचा काही दोष नाही. तिच्या तीन प्रती घेतल्या होत्या आणि तिन्ही कधी एकदम कपाटात दिसल्या नाहीत.

आमच्याकडच्या वाचकांना एक खोड होती. पुस्तक वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानावर आपलं मत लिहायचं. 'छान', 'टाकाऊ', 'वेळ फुकट गेला', आणि काही महाभाग तर पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून मोकळे व्हायचे. मी खोडरबर घेऊन बसायची. शेवटी कंटाळले आणि पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एकेक कोरा कागद खळीनं चिकटवला. वर लिहिलं, 'अभिप्राय इथेच लिहावा.' खाली नाव घालायचं नाही असा काही नियम नव्हता, पण कुणी घालत नसे. मला मात्र अक्षरावरून सगळी मंडळी ओळखू यायची.

या कादंबरीचा कागद तीनदा बदलावा लागला. कुणी लिहिलं होतं, एका बैठकीत संपवली, भाजी करपली. कुणी लिहिलं, पहिली शंभर पानं नुसतं पाणी घातलंय, तिथून पुढं वाचा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं लिहिलं होतं, आमचा बांधाचा दावा माझ्या तरुणपणी लागला तो अजून चालू आहे, यांचा खटला चार दिवसांत निकाली, हे कोर्ट कुठं आहे ते कळवावं. एका शिक्षिकाबाईंनी लिहिलं की शेवट अजिबात पटला नाही, आणि त्याच्याखाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं की शेवटासाठीच वाचावी. पण सगळ्यात जास्त वाद झाला तो दूधवाल्यावरून.

हा दूधवाला म्हणजे कादंबरीतला साक्षीदार. खून झाला त्या वेळी आरोपी आपल्या दारात उभा होता, असं तो सांगतो. समोरचा वकील त्याला पानंच्या पानं उलटसुलट विचारतो, पण हा गडी एका मिनिटानं हलत नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी मी कडी वाजवली, सहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी दार उघडलं. मिनिटामिनिटाला नेम. त्याच्या साक्षीवर आरोपी सुटतो. ते प्रकरण इतकं वाचलं गेलं होतं की तिन्ही प्रतींत तेवढीच पानं शिवणीतून सुटून आली होती. मला ते जवळजवळ पाठ होतं. जो येईल त्याला मी सांगायची, बाकी काही असो, दूधवाल्यासाठी तरी वाचाच.

आणि एक दिवस त्या कागदावर बारीक, उभट अक्षरात मत आलं: 'असा मिनिटाचा हिशेब देणारा साक्षीदार समोर आला तर आम्ही पहिली शंका त्याच्यावरच घेतो. लेखकानं खरं कोर्ट पाहिलेलं नाही.' अक्षर मी लगेच ओळखलं. शिरूरच्या कोर्टात बदलून आलेले सरकारी वकील. एकटेच खोली घेऊन राहत, आठवड्याला दोन पुस्तकं नेत, कधी फार बोलत नसत. मला असा राग आला की काय सांगू. कादंबरीतला वकील देखणा आणि हुशार, म्हणून या टकल्याच्या पोटात दुखतंय, असं मी ठरवून टाकलं. लाल शाईचं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'मग वाचता कशाला?' केवढा तो माझा माज!

माझी मावशी निमोण्याला राहायची, आईची थोरली बहीण. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण गावात तिच्या शब्दाला वजन होतं. सासवा-सुनांचं बिनसलं, भावाभावांत आंब्याच्या झाडावरून जुंपली, की माणसं म्हणायची, म्हातारीला विचारा, ती खोटं बोलायची नाही. तिच्या वस्तीच्या पलीकडं बौद्धवस्ती. तिथला एक तरुण मुलगा, आयटीआय केलेला, हाताचा कामसू, तिच्याकडं अडीनडीला यायचा. त्यानं रेल्वेची परीक्षा दिली होती, मेडिकलही पार पडलं होतं. दौंडला गँगमन म्हणून लागायचा. त्यांच्या घरात सरकारी नोकरीचा तो पहिला कागद.

पण तो कागद अडकला होता. दोन वर्षांपूर्वी शिरूरात बाजारच्या दिवशी, दुपारी दोन-अडीचच्या सुमारास, टेम्पो स्टँडवर मारामारी झाली होती, एकाचं डोकं फुटलं होतं. मारणाऱ्यांत याचा चुलतभाऊ होता, हे खरं. फिर्याद देणाऱ्यानं रागाच्या भरात चुलतभावाबरोबर नेहमी हिंडणाऱ्या सगळ्यांची नावं घातली, त्यात याचंही घातलं. हा त्या दुपारी शिरूरात नव्हताच. आदल्या दिवशी वाऱ्यानं मावशीच्या घराचे पत्रे उचकटले होते, ते ठोकायला तो सकाळपासून तिच्या छपरावर चढला होता. रेल्वेनं लेखी कळवलं होतं की केसचा निकाल लागू दे. निर्दोष सुटला तर हजर करून घेऊ, नाही तर नेमणूक रद्द. सगळं येऊन थांबलं होतं मावशीच्या साक्षीवर. ती ना त्याच्या नात्याची, ना जातीची, म्हणून तर तिच्या साक्षीला किंमत होती. गावातल्या काहींनी तिला सांगून पाहिलं, तुम्हाला कशाला पाहिजेत परक्याच्या भानगडी. ती म्हणाली, मी त्याला बघितलाय, मग मी सांगनार.

त्याचा वकील साधा माणूस होता. एकदा निमोण्याला येऊन मावशीशी बोलून गेला. जाताना एवढंच म्हणाला, तुम्ही जे पाहिलं ते तुमच्या भाषेत सांगा, बाकीचं मी बघतो. मला हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. म्हटलं, हा वकील आहे की कोण? काही तयारी नको, काही सराव नको? माझ्या डोक्यात तर दूधवाला नाचत होता.

म्हणून मी दर रविवारी एस्टी पकडून निमोण्याला जायला लागले. मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसायची आणि मी समोर बसून तिची उलटतपासणी घ्यायची. आधी तिच्या तोंडून ऐकलं. ती सांगायची ते असं, की आदल्या दिसाला वारं सुटलं, पत्रं गेलं, सकाळी त्यो आला. दुपारची शिरूरची गाडी आली, तिच्यातनं माझी जाऊ उतरली, तवा त्यो वरच व्हता. जावंनं खालनं हाळी मारली, आरं पडशील. मग मी त्याला भाकर वाढली. बस. एवढंच.

मला ते फार पचपचीत वाटलं. गाडी आली म्हणजे किती वाजता? गाड्या काय वेळेवर येतात? समोरचा वकील तिथंच धरेल. म्हटलं, मावशी, गाडीचं नावच काढायचं नाही. दुपारच्या गाडीची वेळ मीच काढली, दोन-वीस, आणि ती तिच्या तोंडात घातली. 'दोन वाजून वीस मिनिटांनी तो पत्र्यावर होता. मी घड्याळ पाहिलं.' पुन्हा म्हण. दोन वाजून वीस मिनिटं. अडीच वाजता जेवला. तीनला पाच कमी असताना परत वर चढला. 'तवा' म्हणाली की मी टोकायची, 'तेव्हा' म्हण. तिच्या घरात भिंतीवर घड्याळ होतंच, धाकट्या मुलाच्या लग्नात आलेलं. तिला ते वाचता येत नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं. लहानपणापासून ती मलाच विचारायची, बाय, किती वाजलं बघ. पण ते माझ्या डोक्यात आलंच नाही. माझं सगळं लक्ष वाक्य कसं ठसक्यात येतंय इकडं.

एका रविवारी मी ती कादंबरी नेली आणि तिला दूधवाल्याचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, तिला हुरूप येईल. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, शेंगांची टरफलं झटकली आणि म्हणाली, "ह्यो सारा वेळ घड्याळच बघतुया. मग म्हशी कवा पिळतो?"

मी खो खो हसले. शिरूरला परत आल्यावर दोघा-तिघा वाचकांना हे सांगितलं आणि त्यांनाही हसवलं. मावशीचा अभिप्राय म्हणून. तो चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता, हे तेव्हा मला कुठं कळत होतं.

आणखी एक गोष्ट मी तिला बजावली होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळा तीच बजावली. मी शिकवलंय असं कुणालाही सांगायचं नाही. मेलं तरी नाही. वाचनालयाच्या कमिटीत दोन वकील होते. ग्रंथपाल बाई साक्षीदार पढवते असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर माझी खुर्ची गेली असती. मावशीनं गळ्याला चिमूट लावून आण घेतली होती.

साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेले आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसले. मावशी धुतलेलं इरकल लुगडं नेसून आली होती. तो मुलगा आरोपींच्या बाजूला उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागं बांधून. मावशीनं शपथ घेतली. त्याच्या वकिलानं विचारलं, त्या दिवशी काय पाहिलं? आणि मावशी पाठ केलेल्या कवितेसारखी सुरू झाली. दोन वाजून वीस मिनिटांनी तो पत्र्यावर होता. मी घड्याळ पाहिलं. अडीच वाजता मी त्याला भाकरी वाढली. 'तेव्हा' सुद्धा नीट म्हणाली. मला अभिमान वाटला. कबूल करते, वाटला.

वकील मात्र चपापला. त्यानं दोनदा विचारलं, दुपारच्या गाडीचं काय? कुणी उतरलं का गाडीतून? मावशीनं एकवार खाली पाहिलं आणि म्हणाली, गाडीचं मला ठाऊक नाही, मी घड्याळ पाहिलं. मी शिकवलं होतं तसंच, अगदी तसंच.

मग सरकारी वकील उठले. तेच ते, उभट अक्षराचे. आवाज चढवला नाही, बोट रोखलं नाही. मऊपणानं म्हणाले, "आजी, समोर भिंतीवर घड्याळ आहे. आत्ता किती वाजलेत तेवढं सांगता?"

मावशी घड्याळाकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. अकरा वाजून चाळीस झाले होते. टायपिस्ट हात वर धरून थांबला होता.  मावशी हळूच म्हणाली, "मला घड्याळ कळत न्हाई, साहेब."

न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगितला. हे म्हणणे खरे आहे की, मला घड्याळ समजत नाही. टाइपरायटर खडखडला. सरकारी वकिलांनी विचारलं, मग हे दोन वाजून वीस मिनिटं तुम्हाला कुणी पढवलं?

तिनं मान वळवली. सगळ्या बाकांवरून तिची नजर फिरत मागं आली आणि माझ्यावर थांबली. घाबरलेली होती. काय करू, असं विचारत होती ती मला. मी काय केलं? मी नजर खाली घातली. मांडीवरच्या पर्सचा बंद बोटांनी गुंडाळत बसले.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "माझं मीच."

म्हणजे या मुलाला सोडवायला तुम्ही स्वतःच जुळवून सांगितलंत, असं समजायचं का?

"व्हय. मीच जुळवलं."

पुन्हा टाइपरायटर खडखडला. हे म्हणणे खरे आहे की, सदर वेळ मी माझ्या मनाने जुळवून सांगितली. जन्मात कधी खोटं न बोललेली बाई तिथं स्वतःहून एकच खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी. मी उभी राहू शकले असते. चार शब्द पुरे होते, साहेब, मी शिकवलं तिला. त्यांनी मला झापलं असतं, हाकलून दिलं असतं, कमिटीनं काढून टाकलं असतं. पण मग त्या मुलाच्या वकिलाला निदान तोंड उघडायला जागा राहिली असती, की वेळ हिच्या भाचीची, पण पाहिलेलं हिचं स्वतःचं. मी उठले नाही. आज वयाची पन्नाशी उलटली, तरी तो बाक मला आठवतो.

बाहेर व्हरांड्यात त्याचा वकील डोकं धरून उभा होता. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं, मावशीला न्यायला आलेली कुणीतरी, एवढंच. तो माझ्याकडं बघून बोलला, पण मला नाही, स्वतःलाच बोलल्यासारखा. डेपोतून गाडीची नोंद काढून आणली होती हो मी, सही-शिक्क्यानिशी. त्या दिवशी गाडी निमोण्यात किती वाजता पोचली ते त्यात होतं. बाईंनी नुसतं गाडी आली म्हणायचं होतं. जाऊबाईंना पुढच्या तारखेला उभं करणार होतो. आता बाईच गाडीचं ठाऊक नाही म्हणाल्या, कुणाला उभं करू? मी मान हलवली आणि मावशीचा हात धरून एस्टी स्टँडकडं चालायला लागले. रस्त्यात ती एकदाच बोलली, माजी जीभच गं, ऐन वक्ताला दगा दिला तिनं. मी तिला उसाचा रस पाजला. दुसरं काय करणार होते?

निकालात लिहिलं होतं की बचावाची साक्षीदार पढवलेली असून विश्वास ठेवण्यासारखी नाही. त्या मुलाला चौघांबरोबर दोषी धरलं. वय आणि आधीची चांगली वागणूक पाहून तुरुंगात नाही पाठवलं, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. लोक म्हणाले, चला, थोडक्यात सुटला. महिन्याभरात रेल्वेचं पत्र आलं, नेमणूक रद्द.

त्याच सुमारास सरकारी वकील एका संध्याकाळी पुस्तक परत करायला आले. मी वहीतून मान वर केली नाही. पुस्तक टेबलावर ठेवून ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "त्या आजींच्या साक्षीच्या दिवशी कोर्टात मागं तुम्ही होतात ना? त्या बाई तुमच्या कोण?"

"ओळखीच्या आहेत," मी म्हणाले. "गावाकडच्या."

ते म्हणाले, त्या पत्र्याचं आणि भाकरीचं खरं होतं, असं मला अजून वाटतं. पण मला माझं काम करावं लागतं. मग त्यांनी दुसरं पुस्तक घेतलं, सही केली आणि गेले. तिला मावशी म्हणायला माझी जीभ उचलली नाही. नंतर मी त्या कादंबरीचा अभिप्रायांचा कागद ओलं फडकं लावून काढला, माझ्या लाल शाईसकट, आणि चुलीत घातला. त्यानं काय होतंय? दुसऱ्याच आठवड्यात एक बाई पुस्तक परत देताना म्हणाल्या, दूधवाल्याचं प्रकरण काय सुंदर आहे नाही. मी म्हटलं, हो, लोकांना आवडतं, आणि तारखेचा शिक्का मारला.

निमोण्यात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. भांडणं मिटवायला मावशीला बोलावणं बंद झालं. एकदा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत वाजलं, मावशी मध्ये बोलायला गेली, तर कालच्या सुनेनं तोंडावर म्हटलं, तुम्ही नका बोलू आत्या, तुम्ही कोर्टात कबूल केलंय खोटं. त्यानंतर मावशी पुन्हा कुणाच्या भांडणात पडली नाही. आई मला म्हणायची, म्हातारपणी हिला काय बुद्धी झाली खोटं बोलायची. मी आईलाही सांगितलं नाही.

पुढं माझं लग्न झालं. नवरा रेल्वेत, सिग्नलच्या कामावर, आणि मी दौंडला रेल्वे कॉलनीत राहायला आले. हो, दौंडलाच. सरकारी क्वार्टर, मागं पेरूचं झाड, नवऱ्याच्या ड्युटीप्रमाणं डबा, वर्षाला पास. सगळं जसंच्या तसं, त्या मुलाच्या घरात जे यायचं होतं ते. मी ते दहा-बारा वर्षं भोगलं.

तिथं एका वर्षी ठेकेदाराची माणसं क्वार्टरांना रंग द्यायला आली. आमच्या भिंतीला चुना लावणारा माणूस पाणी मागायला दारात आला आणि माझ्याकडं बघत राहिला. ताई, तुम्ही शिरूरच्या वाचनालयातल्या ना? निमोण्याच्या म्हातारीच्या नात्यातल्या? मी ओळखलं. केस पांढरे व्हायला लागले होते, बोटांना चुन्याच्या भेगा. मी खुर्ची दिली, तो पायरीवरच बसला.

सांगत होता मोकळेपणानं. मधी रांजणगावला कंपनीत होता, कॉन्ट्रॅक्टवर, तिथून कमी केलं. अपील केलं होतं, पुण्याला. चार वर्षांनी सुटला, निर्दोष म्हणून. फिर्यादीनं पहिल्या जबाबात याचं नाव घेतलंच नव्हतं, हे तिथं निघालं. तो कागद घेऊन रेल्वेच्या हापिसात गेला तर ते म्हणाले, ती यादी कवाच संपली, आता वयपण बसत नाही. हे सांगताना तो हसला. मला ते हसणं बघवेना.

मग म्हणाला, "म्हातारीला सांगा ताई, माझा तिच्यावर राग न्हाई. माझ्यासाठी कोर्टाची पायरी चढली, तेवढं गावात कुनी केलं न्हाई. फकस्त एक मला आजून कळत न्हाई. सगळं खरंच तर व्हतं. मग मधी त्ये घड्याळ कशाला आनलं तिनं?"

उत्तर माझ्याजवळ होतं. दारात मी, पायरीवर तो, मध्ये कुणी नाही. आता कमिटी नव्हती, खुर्ची नव्हती, जायचं काहीच नव्हतं माझं. तरी मी म्हणाले, "चहा टाकते, साखर किती?" आणि आत गेले. चहा उतू गेला तोवर मी ओट्याला धरून उभी होते. बाहेर आले तेव्हा तो पुन्हा शिडीवर चढला होता. कप पायरीवर ठेवला. त्यानं वरूनच मान हलवली.

त्यानंतर पंधरा दिवसांत मी निमोण्याला गेले. निदान त्याचा निरोप तरी पोचवायचा, एवढं बळ गोळा केलं होतं. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, जवळ बसले तरी तिनं आधी हातानं चाचपून मला ओळखलं. मी तिला सगळं सांगितलं. तो भेटला, अपिलात सुटला, राग नाही म्हणाला. आणि त्यानं विचारलं तेही सांगितलं, की घड्याळ कशाला आणलं.

ती ताठ बसली. माझं मनगट तिनं घट्ट धरलं.

"मग तू काय म्हनलीस? तुजं नाव न्हाई ना घेतलंस?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं केलंस," ती म्हणाली. तिनं मनगट सोडलं आणि ओट्याला हात टेकून उठली, मला भाकरी करून घालायला.